बॉल बदलला, पाय लांब का वाटतो?

खुब्याचा बॉल बदलून घरी आलेल्या माणसाची पहिली तक्रार बहुतेक वेळा दुखण्याची नसते. वर्षानुवर्षे ठणकणारा खुबा शांत झालेला असतो, रात्रीची झोप परत आलेली असते. तक्रार असते ती पायाच्या लांबीची. "ऑपरेशन झालं तो पाय लांब वाटते. चालताना कंबर एका बाजूला जाते." भेटायला येणारे लगेच निदान करून मोकळे होतात, की डॉक्टरने मोठा बॉल बसवला. घरच्यांच्या मनात शंका शिरते आणि यशस्वी झालेली शस्त्रक्रिया फसली असे वाटू लागते.

ही तक्रार जगभर आहे. अमेरिकेत खुब्याच्या सांधेरोपणावरून रुग्ण न्यायालयात जातात, त्यामागच्या प्रमुख कारणांत पायांच्या लांबीतला फरक मोडतो. पण भंडारा जिल्ह्यात आणि एकूणच पूर्व विदर्भात या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. इथे खुबा बदलावा लागणाऱ्यांत साठी ओलांडलेल्यांबरोबर पंचविशी-तिशीतले तरुणही असतात आणि त्यांच्या दुखण्याचे मूळ अनेकदा रक्तात असते. त्यांचे दोन्ही खुबे खराब असू शकतात. त्यामुळे पाय लांब झाला की आखूड, हे ठरवताना आधी एक प्रश्न विचारावा लागतो: कोणत्या पायाच्या तुलनेत?

या लेखाचे सांगणे थोडक्यात असे. लांब वाटणारा प्रत्येक पाय लांब झालेला नसतो, झालेला असला तरी थोडा फरक शरीर पचवते, आणि या गोष्टी रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर नव्हे तर आधी कळायला हव्यात.

खुबा तरुणपणी का खचतो

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोल गोळा असतो. कमरेच्या हाडात असलेल्या खोलगट वाटीत तो फिरतो. शाळेच्या पुस्तकात याला उखळीचा सांधा म्हटले आहे. साधे चालतानाही या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. एवढा भार पेलणाऱ्या या गोळ्याचा रक्तपुरवठा मात्र फार नाजूक असतो. हाडाच्या मानेला चिकटून वर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर तो जवळपास सगळा अवलंबून असतो. त्या तुंबल्या किंवा तुटल्या तर गोळ्याचा भाग निर्जीव होतो, भाराखाली खचतो आणि चपटा होतो. डॉक्टर याला अव्हॅस्क्युलर नेक्रोसिस किंवा थोडक्यात एव्हीएन म्हणतात.

एव्हीएनची कारणे अनेक आहेत. खुब्याचे हाड मोडणे, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे आणि दारूचे व्यसन ही नेहमीची कारणे. पूर्व विदर्भात त्यात सिकलसेलची भर पडते. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने, प्राणवायू कमी पडला की लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या आणि ताठर होतात. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, सिकल झालेली जेमतेम १० ते २० दिवस. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि खुब्याच्या गोळ्यातल्या रक्तवाहिन्या तर बारीकच असतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत सिकलसेलच्या सुमारे दहा टक्के रुग्णांमध्ये खुब्याचे एव्हीएन आढळले होते. वय वाढते तसे हे प्रमाणही वाढत जाते.

भारतात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातील आदिवासींमध्ये नोंदला गेला. मध्य भारतातील सिकलसेलवर नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा निबंध १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हापासून गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, गोंदिया आणि भंडारा हे जिल्हे सिकलसेलच्या नकाशावर आहेत. आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत तो मोठ्या प्रमाणात दिसतो. महाराष्ट्रात डॉ. सुदाम काटे यांनी या आजारावर अनेक दशके काम केले. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्त कुटुंबांना एकत्र आणले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठरले. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नेही सिकलसेल आजाराला दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत जागा दिली आहे.

सिकलसेलच्या रुग्णाला अंगदुखीची सवय झालेली असते. खुबा दुखू लागला तरी "नेहमीचंच दुखणं" म्हणून तो गोळी घेतो आणि भाताच्या बांधीत उतरतो. सुरुवातीला साध्या एक्स-रेत काही दिसतही नाही, एमआरआयमध्येच कळते. तोवर गोळा खचलेला नसेल तर भार कमी करणे, औषधे किंवा हाडाला छिद्र पाडून आतला दाब उतरवणे असे उपाय हाताशी असतात. या शेवटच्या उपायाला कोअर डिकम्प्रेशन म्हणतात. गोळा एकदा चपटा झाला की मात्र सांधा बदलण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही.

शस्त्रक्रियेआधीच पाय आखूड झालेला असतो

पायांच्या लांबीची गोष्ट शस्त्रक्रियेच्या टेबलावर सुरू होत नाही. ती कितीतरी आधी सुरू झालेली असते. गोळा खचला, सांध्यातली कूर्चा झिजली, की तो पाय एक-दोन सेंटिमीटरने आखूड होतो. दुखते म्हणून रुग्ण पाय आतल्या बाजूला ओढून, थोडा वाकवून ठेवतो. स्नायू त्याच स्थितीत आखडतात. मग सरळ उभे राहण्यासाठी कंबर तिरकी होते, आणि तिरक्या कमरेवर तोल सांभाळण्यासाठी पाठीचा कणा वाकतो. हे इतके हळूहळू घडते की रुग्णाला जाणवतही नाही. चार-पाच वर्षांत तिरकी कंबर हीच त्याच्या मेंदूला सरळ वाटू लागते.

आता शल्यचिकित्सकाने नवा सांधा बसवून हरवलेली लांबी परत दिली, तर काय होईल? पाय मुळात होता तेवढा होईल. रुग्णाला मात्र तो लांब वाटेल, कारण त्याची तुलना मूळ पायाशी नसून कालपर्यंतच्या आखूड पायाशी आहे.

दोन्ही खुबे खराब असतील तर गुंता आणखी वाढतो. समजा, साकोलीच्या एखाद्या तरुणाचे सिकलसेलमुळे दोन्ही गोळे खचले आहेत. उजवा अधिक दुखतो म्हणून आधी उजवा बदलला. उजव्या पायाला त्याची लांबी मिळाली, डावा अजून आखूडच आहे. उभा राहिला की उजवा पाय लांब. इथे उजव्या पायाची शस्त्रक्रिया चुकलेली नाही, डाव्याची बाकी आहे. पुढे डाव्याचे रोपण करताना दोन्ही पाय जुळवता येतात. ही गोष्ट आधी सांगितलेली नसेल, तर मधला सगळा काळ कुटुंब धास्तीत काढते.

लांबी नेमकी कुठे ठरते

खुबा बदलण्याचा प्रयत्न जुना आहे. १८९१ साली बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी हस्तिदंताचा गोळा वापरल्याची नोंद आहे. आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला तो इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयाच्या जॉन चार्नली यांनी. टेफ्लॉनची वाटी लवकर झिजते हा कडू अनुभव घेऊन १९६२ साली त्यांनी घट्ट पॉलिथिलीनची वाटी, २२.२५ मिलिमीटर व्यासाचा धातूचा छोटा गोळा आणि हाडाला पक्के बसवणारे अॅक्रिलिक सिमेंट असा मेळ जमवला. आपल्याकडे मुंबईचे डॉ. के. टी. ढोलकिया या विषयातल्या आद्य शल्यचिकित्सकांपैकी होते. २००७ साली 'लॅन्सेट'मधल्या एका लेखाने खुब्याच्या सांधेरोपणाला शतकातील शस्त्रक्रिया म्हटले. दुखण्याने अंथरुणाला खिळलेली माणसे या शस्त्रक्रियेने चालती झाली आहेत, हे पाहता तो मान योग्यच आहे.

कृत्रिम सांध्याचे ढोबळ चार भाग असतात. कमरेच्या हाडात बसते ती वाटी, तिच्या आतले अस्तर, मांडीच्या हाडात ठोकून किंवा सिमेंटने बसवलेला दांडा आणि दांड्याच्या मानेवर बसणारा गोळा. पायाची लांबी चार गोष्टींनी ठरते: वाटी किती वर किंवा खाली बसली, हाडाची मान कुठे कापली, दांडा किती खोल गेला, आणि गोळा मानेवर किती वर राहिला.

यावरून "मोठा बॉल बसवला म्हणून पाय लांब झाला" हा समज का चुकीचा आहे ते कळते. गोळ्याचा व्यास २८, ३२ किंवा ३६ मिलिमीटर असतो. तो वाटीच्या मापानुसार ठरतो आणि त्याने पायाची लांबी बदलत नाही. लांबी बदलते ती गोळ्याच्या आतल्या खाचेच्या खोलीने, म्हणजे गोळा मानेवर किती खोल बसतो यावर. हे गोळे साधारण तीन-चार मिलिमीटरच्या टप्प्यांनी मिळतात. दांडाही हाडाच्या पोकळीत जिथे घट्ट बसतो तिथेच थांबवावा लागतो. जास्त ठोकला तर हाड तडकते, वर ठेवला तर सैल राहतो. सिकलसेलच्या रुग्णात ही पोकळी कधी अरुंद, तर कधी कठीण झालेल्या हाडाने भरलेली असते. म्हणून कितीही कुशल हात असला तरी दोन्ही पाय मिलिमीटरपर्यंत जुळतीलच, असा शब्द कोणी देऊ शकत नाही.

माप घेण्याची तयारी मात्र पूर्ण असावी लागते. शस्त्रक्रियेआधी दोन्ही खुब्यांचा एकत्र एक्स-रे काढतात. एक्स-रेत हाड प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते, म्हणून ठरावीक मापाची धातूची गोळी शेजारी ठेवून खरे माप काढता येते. त्यावर कृत्रिम सांध्याचे नमुने ठेवून वाटी कुठे बसेल, मान कुठे कापायची, कोणता दांडा लागेल हे आधीच आखतात. याला टेम्प्लेटिंग म्हणतात. शस्त्रक्रिया चालू असताना कमरेच्या हाडातल्या खुणेपासून मांडीच्या हाडापर्यंतचे अंतर आधी आणि नंतर मोजतात, दोन्ही गुडघे आणि घोटे जुळवून पाहतात, काही ठिकाणी तिथल्या तिथे एक्स-रे घेतात. संगणकाची किंवा रोबोची मदत घेतल्यास मोठ्या चुका कमी होतात. पण काळजीपूर्वक केलेली आखणी आणि अनुभवी हात यांनीही हे काम उत्तम होते, आणि आजही आपल्याकडच्या बहुतेक शस्त्रक्रिया तशाच होतात.

लांबीपेक्षा आधी सांधा पक्का हवा

एक गोष्ट रुग्णाने समजून घेतली तर डॉक्टरच्या निर्णयाकडे तो वेगळ्या नजरेने पाहील. नवा सांधा जागेवर राहतो तो मुख्यतः भोवतालच्या स्नायूंच्या ताणामुळे. मांडवाचा खांब दोरांच्या ताणावर उभा असतो. खांब आखूड पडला की दोर सैल होतात आणि खांब कलंडतो. खुब्याचेही तसेच आहे. पाय बेताचा ठेवण्याच्या नादात सांधा सैल राहिला, तर वाकताना किंवा वळताना गोळा वाटीतून निसटतो. खुबा निखळणे ही अतिशय वेदनादायी आणि पुन्हा रुग्णालय गाठायला लावणारी गोष्ट आहे.

म्हणून शस्त्रक्रियेच्या शेवटी शल्यचिकित्सक पाय ओढून, वळवून, वाकवून सांधा किती पक्का आहे ते तपासतो. सैल वाटला तर ताण वाढवण्याचे दोन मार्ग असतात. एक, मांडीचे हाड कमरेपासून थोडे बाहेरच्या बाजूला सरकेल असा दांडा निवडणे. याने लांबी न वाढता ताण वाढतो. दुसरा, मानेवर अधिक वर राहणारा गोळा बसवणे. याने पाय काही मिलिमीटर लांब होतो. पहिल्या मार्गाने भागले नाही तर दुसरा घ्यावा लागतो. पाच मिलिमीटर लांब पण पक्का पाय, की अगदी समान पण निखळणारा पाय, असा प्रसंग आला तर पक्का पाय निवडणे हाच योग्य निर्णय आहे.

लांबी वाढवण्यालाही मर्यादा आहे. वर्षानुवर्षे आखूड राहिलेला पाय एकदम फार ताणला तर खुब्यामागून जाणारी सायटिक नस ताणली जाते. चार सेंटिमीटरच्या आसपास लांबी वाढवल्यास नसेला इजा होण्याचा धोका बराच वाढतो असे मानले जाते आणि काहींना त्याहून कमी ताणही सोसत नाही. नस दुखावली तर पाऊल वर उचलता येत नाही. फार आखूड झालेल्या पायाची सगळी लांबी परत न देता थोडी राखून ठेवण्यामागे हेच कारण असते.

खरा फरक आणि भासणारा फरक

लांबीतला फरक दोन प्रकारचा असतो. खऱ्या फरकात हाड आणि कृत्रिम सांधा मिळून पाय मोजमापानेच कमी-जास्त भरतो. भासणाऱ्या फरकात दोन्ही पाय मापाने सारखे असतात, पण कंबर तिरकी असल्याने एक लांब वाटतो. शस्त्रक्रियेनंतर खुब्याच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू ताणलेले असतात. ते पाय बाहेर ओढतात. रुग्ण पाय जवळ आणून उभा राहिला की त्या बाजूची कंबर खाली झुकते आणि तो पाय लांब भासतो. ताठर किंवा वाकलेला कणा, सरळ न होणारा गुडघा यांमुळेही असा भास होतो.

दोन्हींत फरक करण्याची पद्धत सोपी पण नेमकी आहे. रुग्णाला सरळ झोपवून कमरेच्या पुढच्या हाडाच्या टोकापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेपने मोजतात. मग उभे करून आखूड वाटणाऱ्या पायाखाली अर्ध्या सेंटिमीटरच्या फळ्या एकेक सरकवतात आणि "आता सारखं वाटतं का?" असे विचारतात. एक्स-रेत कमरेच्या हाडातल्या ठरावीक खुणांना जोडणारी रेघ ओढून दोन्ही मांडीच्या हाडांवरच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर मोजतात. लहानपणीचा पोलिओ, जुने मोडलेले हाड असे काही असेल तर पूर्ण पायांचा एक्स-रे लागतो, कारण आखूडपणा खुब्याच्या खालीही असू शकतो. घरी भिंतीला टेकून किंवा दोरी लावून मोजू नये. कंबर तिरकी असताना ते माप हमखास चुकते आणि नुसती चिंता वाढते.

मग किती फरक चालतो? कधीच शस्त्रक्रिया न झालेल्या असंख्य माणसांच्या पायांतही काही मिलिमीटरचा फरक असतो आणि त्यांना तो आयुष्यभर कळत नाही. सांधेरोपणानंतर एक सेंटिमीटरच्या आतला फरक बहुतेकांना काही काळाने जाणवेनासा होतो आणि शल्यचिकित्सकही तो सामान्यतः स्वीकारार्ह मानतात. दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला तर लंगडणे, कंबरदुखी, लवकर थकवा असा त्रास होऊ शकतो. या दोन मापांच्या मधे माणसागणिक अनुभव वेगळा असतो. उंची, कण्याची लवचिकता आणि स्नायूंची ताकद यांवर तो अवलंबून असतो.

पहिले सहा महिने

भासणारा फरक बहुतेक रुग्णांत तीन ते सहा महिन्यांत ओसरतो. स्नायू सैलावतात, कंबर सरळ होते आणि मेंदू नव्या लांबीशी जुळवून घेतो. म्हणून या काळात सर्वांत महत्त्वाचे औषध फिजिओथेरपी आहे. खुब्याच्या बाजूचे आखडलेले स्नायू ताणणे, कमजोर झालेले बळकट करणे, आरशासमोर उभे राहून कंबर समांतर ठेवणे, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन चालणे हे व्यायाम शिकून घेऊन रोज करावे लागतात. गावात फिजिओथेरपिस्ट नसेल तर रुग्णालयातून सुटी होण्याआधी घरच्या एका माणसाने ते व्यायाम नीट पाहून घ्यावेत.

याच काळात घाई होते ती चपलेला उंची देण्याची. पाय लांब वाटला की दुसऱ्या पायाच्या चपलेला सोल चढवून घेतात. फरक भासणारा असेल तर याने नुकसान होते. उंची मिळाली की तिरकी कंबर तिरकीच राहते आणि आखडलेले स्नायू सुटत नाहीत. सहा महिन्यांनी पुन्हा मोजून खरा आणि त्रास देणारा फरक उरला असेल, तरच उंची द्यावी. तीही सगळी नाही, साधारण निम्म्या फरकापासून सुरुवात करून. एक सेंटिमीटरपर्यंतची उंची बुटाच्या आत बसते, त्याहून जास्त बाहेरच्या सोलला द्यावी लागते.

इथे आपल्या जगण्याचा विचार करावा लागतो. परदेशातील अनेक रुग्ण घरातही बूट घालून वावरतात. आपण घरात अनवाणी असतो आणि भंडाऱ्याचा शेतकरी रोवणीच्या दिवसांत चिखलातही अनवाणी असतो. त्यामुळे बुटातली गादी दिवसातले थोडेच तास उपयोगी पडते. उंची दिलेली एक चप्पल घरात वापरायला वेगळी ठेवणे हा त्यावरचा व्यवहारी मार्ग आहे. पण याच कारणाने आपल्या रुग्णासाठी शस्त्रक्रियेतली लांबीची आखणी आणि नंतरचा व्यायाम यांचे मोल अधिक आहे.

रोवणीचेच बोलायचे तर, नव्या खुब्याने बांधीत तासन् तास कंबरेत वाकून पऱ्हे लावणे सुरुवातीच्या महिन्यांत शक्य नाही आणि योग्यही नाही. चिखलात पाय रुतला की तो उपसताना खुबा वळतो, ओल्या धुऱ्यावर घसरण्याचा धोका असतोच. उकिडवे बसणे, मांडी घालून बसणे, खूप खाली वाकणे यांवर किती काळ बंधन आहे ते शस्त्रक्रियेची पद्धत आणि सांध्याची ठेवण यांवर ठरते. ते आपल्या शल्यचिकित्सकाला स्पष्ट विचारावे. उंच संडास किंवा कमोडची खुर्ची, टणक उंच खाट आणि हाताशी धरायला आधार ही तयारी शस्त्रक्रियेआधीच घरात करून ठेवावी. रोवणी किंवा कापणी तोंडावर असताना तारीख घेतली, तर घरची माणसे शेतात आणि रुग्ण एकटा घरी अशी अवस्था होते. तातडी नसेल तर हंगाम पाहून तारीख ठरवणे शहाणपणाचे आहे.

केव्हा थांबू नये

वाट पाहण्याचा सल्ला सगळ्याच बदलांना लागू नाही. काही बदल धोक्याचे असतात. सारखा वाटणारा पाय एकाएकी आखूड झाला, आत किंवा बाहेर वळला आणि प्रचंड दुखू लागला, तर खुबा निखळला असण्याची शक्यता आहे. पाय उचलून न पाहता, मालिश न करता थेट रुग्णालय गाठावे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पाय हळूहळू आखूड होत असेल आणि मांडीत दुखत असेल, तर दांडा सैल होऊन खाली सरकत असू शकतो. पाऊल उचलता येत नसेल, पायाला बधिरपणा आला असेल तर नसेची तपासणी हवी. जखमेतून पाणी येणे आणि ताप ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. सिकलसेलच्या रुग्णाने त्याकडे एक दिवसही दुर्लक्ष करू नये, कारण त्याच्या हाडांत संसर्गाचा धोका मुळातच जास्त असतो.

केवळ लांबीच्या फरकासाठी पुन्हा शस्त्रक्रिया क्वचितच करतात. फरक मोठा असेल, व्यायाम आणि चपलेचा उपाय करूनही त्रास जात नसेल आणि सांध्याच्या बसवणीत दोष दिसत असेल, तरच तिचा विचार होतो. दुसऱ्या शस्त्रक्रियेत सांधा सैल पडण्याचा आणि संसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो, म्हणून हा निर्णय दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेऊनच करावा.

आधी विचारायच्या गोष्टी

भंडाऱ्याच्या रुग्णाला मोठ्या शस्त्रक्रियेसाठी अनेकदा साठेक किलोमीटरवरच्या नागपूरला, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत जावे लागते. गर्दीत बोलायला थोडाच वेळ मिळतो. म्हणून प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. माझा पाय आत्ता किती आखूड आहे? शस्त्रक्रियेनंतर तो किती लांब होईल अशी आखणी आहे? दुसरा खुबा कसा आहे, त्याची शस्त्रक्रिया कधी लागेल? माझा कणा लवचिक आहे का? मला शेतात परत कधी आणि कोणत्या कामाला जाता येईल? उत्तरे नोंदीत लिहून मागावीत. शल्यचिकित्सकांनीही आधीचे माप केसपेपरवर लिहून ठेवावे. आधीचे माप नसेल तर नंतरच्या तक्रारीचे खरे उत्तर कोणालाच देता येत नाही.

सिकलसेलच्या रुग्णाने आपला आजार शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगायलाच हवा. शस्त्रक्रियेच्या काळात शरीरात पाणी कमी पडू नये, अंग गार पडू नये, प्राणवायू पुरेसा राहावा आणि गरज असेल तर आधी रक्त द्यावे, याची काळजी घेतली नाही तर वेदनांचा झटका येऊ शकतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांखाली आपली शस्त्रक्रिया कुठे आणि कशी होईल, याची चौकशी योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडे करावी.

आणि शेवटची विनंती त्या घरांना, जिथे सिकलसेल आहे. सोल्युबिलिटी आणि इलेक्ट्रोफोरेसिसच्या तपासणीने आजार कळतो, आपल्या गावच्या आरोग्य केंद्रापासून त्याची सुरुवात करता येते. सिकलसेल असलेल्या मुलाने किंवा मुलीने मांडीचा सांधा, जांघ किंवा गुडघा दुखतो असे सांगितले आणि ते दुखणे दोन-तीन आठवडे राहिले, तर त्याला नेहमीचे दुखणे समजू नका, खुबा तपासून घ्या. वेळेत सापडलेला खुबा अनेकदा वाचवता येतो. बदलावाच लागला, तर माप आधी घ्या, प्रश्न आधी विचारा आणि नंतरचे सहा महिने व्यायामाला द्या. पायांच्या लांबीची बरीचशी काळजी एवढ्याने मिटते.